जिवतीच्या कागदापासून बत्तीस खिडक्यांपर्यंत

‘गणपतीला आता किती दिवस राहिले?’ हा प्रश्न लिंबायतच्या कोणत्या मराठी घरात विचारला जात नाही? श्रावण लागला की मुले दिवस मोजू लागतात. मंडपाचे बांबू पडले की मोजणी जोरात सुरू होते. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आजी बोटांची पेरे मोजून देत असे. आता मोबाइल देतो, आणि क्षणात देतो. मात्र मोबाइलने दिलेले उत्तर ‘अमुक इतके दिवस’ एवढेच असते. आजीच्या उत्तरात नागपंचमी यायची, राखी यायची, गोकुळाष्टमी यायची, पोळा यायचा आणि मग गणपती यायचे. दोन्ही उत्तरांतला आकडा एकच, पण एका उत्तरात नुसता आकडा आहे आणि दुसऱ्यात सगळा रस्ता आहे.

सणाची वाट कशी पाहावी आणि ती कागदावर कशी मोजावी, यालाही इतिहास आहे. आमचे शिक्षण डिप्लोमाचे आणि नोकरी सरकारी. तरी या विषयाचे जे आमच्या वाचनात आले आणि घरात पाहायला मिळाले, ते यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

भिंतीवरचा पहिला कागद

सुरुवात आपल्याच घरातून करू. आषाढ अमावास्या म्हणजे दिव्याची अवस. या दिवशी घरातील सगळे दिवे घासूनपुसून मांडतात आणि त्यांची पूजा करतात. त्याच सुमारास अनेक घरांत भिंतीवर एक छापील कागद लावला जातो, तो जिवतीचा कागद. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल, पण नीट निरखून फार थोड्यांनी पाहिला असेल.

या कागदावर वरच्या बाजूला एकीकडे नरसिंह असतो, खांबातून प्रकट होऊन हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला. दुसरीकडे कालियाच्या फण्यावर उभा असलेला बाळकृष्ण असतो. मध्ये जरा आणि जिवंतिका, त्यांच्या मांडीवर आणि अंगाखांद्यावर मुले, शेजारी पाळणा. खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. महाभारतात जरासंधाच्या जन्माची कथा येते, त्यातील जरा ती हीच. दोन शकले होऊन जन्मलेले बाळ तिने जोडले आणि ते जिवंत झाले. म्हणून ती मुलांची राखणदार.

पहिल्या नजरेला ही देवांची सरमिसळ वाटते. नरसिंहाचा बुधाशी काय संबंध? पण श्रावणातले वार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे उलगडा होतो. नागपंचमीला कालियावरच्या कृष्णाची पूजा, श्रावणी शनिवारी नरसिंहाची, शुक्रवारी जिवतीची, बुधवारी आणि गुरुवारी बुध-बृहस्पतीची. म्हणजे हा कागद नुसता देवांचा फोटो नसून तो एका महिन्याचे वेळापत्रक आहे. आज बोट कोणत्या चित्रावर ठेवायचे, हे घरातल्या बाईला ठाऊक असते आणि तिच्याकडे पाहून मुलांनाही ते कळते. शिवाय प्रत्येक वाराची कहाणी वेगळी. सोमवारची निराळी, शुक्रवारची निराळी, आदित्यराणूबाईची निराळी. सोमवारच्या शिवामुठीचेही तसेच. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग, चौथ्या सोमवारी जव, आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू. अक्षरओळख नसलेल्या माउलीलाही मुठीत कोणते धान्य आहे, यावरून श्रावण किती सरला हे समजत असे.

श्रावण संपला की कागद उतरवतात आणि पुढच्या वर्षी नवा आणतात. कागदावर तारीख नाही, साल नाही, तरी तो महिनाभर दिवस मोजत राहतो. आमच्या मते आपल्या घरातले सणाचे पहिले कॅलेंडर हेच.

या कागदाशी जोडलेली एक रीत सुरतेत राहणाऱ्या आपणा सर्वांना विशेष जवळची आहे. शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की आई मुलांना ओवाळते. मूल परगावी असेल तर ती चारी दिशांना औक्षण करून अक्षता टाकते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची गावे सोडून आपले वाडवडील इकडे आले, तेव्हा मागे राहिलेल्या कितीतरी आयांनी श्रावणी शुक्रवारी पश्चिमेकडे अक्षता टाकल्या असतील. उधन्याहून जळगावकडे जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. त्याच रुळांवरून पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटासाठी आली आणि लूमच्या खात्यांत, मार्केटमध्ये, नोकऱ्यांत रुजली. त्या अक्षतांच्या बळावर ती इथे उभी राहिली, असे म्हटले तर ते भावनेचे बोलणे होईल. पण ती वाट पाहिली जात होती आणि मोजलीही जात होती, एवढे मात्र खरे.

एका गल्लीत तीन मोजण्या

लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना या भागांत राहण्याचा एक फायदा आहे. पंचांगाचा जो धडा पुस्तकात कळत नाही, तो इथे शेजाऱ्यांकडून कळतो.

उत्तर प्रदेश, बिहारचे शेजारी आपल्या आधी पंधरवडाभर सावन पाळू लागतात. २०२५ साली त्यांचा सावन ११ जुलैला लागला आणि आपला श्रावण २५ जुलैला. मुलांना प्रश्न पडतो, श्रावण दोन कसे? कारण साधे आहे. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आकाशातला चंद्र एकच, हिशेबाची वही बंद करण्याचा दिवस तेवढा निराळा. म्हणून शुद्ध पक्षातले सण एकाच महिन्याच्या नावाने येतात आणि वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. गोकुळाष्टमी आपली श्रावणातली आणि त्यांची भादोंतली, पण दिवस तोच.

गुजराती शेजाऱ्यांचा महिना मात्र आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. फरक वर्षाच्या आरंभाचा. आपले शक चैत्रात गुढीबरोबर बदलते, त्यांचे विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात. आपली जी दिव्याची अवस, तोच सुरतेचा दिवासो. दिवासोपासून देवदिवाळीपर्यंत शंभर दिवस, आणि हे शंभर दिवस सणांचे, असा इथला जुना लोकहिशेब आहे. म्हणजे ज्या दिवशी आपल्या भिंतीवर जिवती येते, त्याच दिवशी सुरतेच्या जुन्या घरांतही सणांची मोजणी सुरू होते. दोन भाषा बोलणाऱ्या दोन घरांनी एकमेकांना न विचारता एकच आरंभबिंदू धरला आहे. गुजरातेत राहून आपण आपले पंचांग विसरू, अशी भीती पुष्कळांना वाटते. दिवासो पाहिला की वाटते, विसरायला इथली माती कारणीभूत ठरणार नाही. विसरलो तर आपल्याच आळसाने विसरू.

छापखाना आला आणि दिवस घरात आले

पूर्वी तिथी कळायची ती गावच्या जोशांकडून. पाडव्याला ते पंचांग वाचून दाखवत आणि सणवार विचारायला लोक त्यांच्याकडे जात. हाताने लिहिलेली पंचांगे थोडी, ती वाचू शकणारे त्याहून थोडे.

हे बदलले मुंबईत. गणपत कृष्णाजी नावाच्या हुन्नरी गृहस्थाने अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकून स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते, म्हणून धर्माची पुस्तके छापील नकोत, असे त्या काळी अनेकांना वाटे. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, अशी आठवण जुन्या मुंबईच्या वर्णनांत येते. हा मनुष्य पंडित नव्हता, कारागीर होता. छापण्याचे यंत्र, शाई, अक्षरे यांत हात घालणारा कारागीर. घराघरांत तिथी पोचवण्याचे काम एका कारागिराने सुरू केले, ही गोष्ट आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना सुखावणारी आहे. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने पंचांगाला घरोघरी नेले, सोलापूरच्या दाते पंचांगाने विसाव्या शतकात आपला जम बसवला.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही या कामात लक्ष घातले. देशात तीसेक निरनिराळी पंचांगे चालत होती. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. भारत सरकारच्या राजपत्रावर आजही ती तारीख छापली जाते. मात्र सणांसाठी लोकांनी आपली चंद्राची तिथी सोडली नाही.

मग १९७३ साली जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय आले. पंचांगातली किचकट माहिती सोप्या मराठीत, महिन्याला एक पान, मागच्या बाजूला वाचायला मजकूर. भिंतीवर खिळा ठोकून ते टांगले की घरातल्या कोणालाही जोशांकडे जावे लागत नव्हते. सुरतेतल्या मराठी घरांतही नव्या वर्षाचे कालनिर्णय कोण आणतो, हा डिसेंबरातला मोठा प्रश्न असे. शेजारच्या गुजराती घरात तारीखियुं असे, म्हणजे रोज एक पान फाडायचा जाड डट्टा. सकाळी पान फाडायचा मान मिळावा म्हणून मुले भांडत. त्यात महिना एका नजरेत दिसत नसे, पण एक दिवस सरल्याचे हाताला कळे.

छापील पंचांगाचे आणि कॅलेंडरचे उपकार मोठे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. तिथी शोधण्याचे श्रम गेले, तसे तिथी मोजण्याचे कामही घरातून गेले. पूर्वी घरातले कोणीतरी हिशेब करत असे, आता तयार हिशेब वाचला जातो. मुलांच्या वाट्याला तर वाचनही आले नाही. सण ‘सुट्टी’ या एका शब्दात येऊन बसला.

जर्मनीतल्या खडूच्या रेघा

आता थोडे दूर जाऊ. नाताळच्या आधी मॉलमध्ये हल्ली पुठ्ठ्याचे एक खोके दिसते. त्याला चोवीस छोटी दारे असतात. १ डिसेंबरपासून रोज एक दार उघडायचे, आत चॉकलेट. परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या घरून त्याचे फोटो आपल्या मोबाइलवरही येतात आणि आपली मुले विचारतात, आपल्याकडे असे का नाही? म्हणून या खोक्याचा इतिहास आपल्यालाही ठाऊक असावा.

याची सुरुवात चॉकलेटने झाली नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या प्रोटेस्टंट कुटुंबांत नाताळपर्यंतचे दिवस मोजण्याच्या घरगुती रीती होत्या. कोणी दारावर खडूने चोवीस रेघा ओढत आणि मुलांना रोज एक पुसायला सांगत, कोणी गव्हाणीच्या चित्रात रोज एक गवताची काडी ठेवत. १८३९ साली हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिश विखर्न हे गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारू लागली. विखर्न यांनी गाडीचे जुने लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रोजच्या दिवसांसाठी छोट्या तांबड्या, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक अधिक पेटवायची. सणाचा प्रकाश असा हळूहळू वाढत गेला. मुलांच्या प्रश्नाला त्यांनी आकडा सांगितला नाही, करायला काम दिले.

टोमास मान यांच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुडेनब्रोक्स’ या कादंबरीत एका लहान मुलासाठी त्याला सांभाळणारी बाई स्वतःच्या हाताने रोज पान फाडायचे नाताळचे कॅलेंडर करते आणि त्याच्या शेवटच्या पानावर झाड काढते, असा उल्लेख आहे. म्हणजे तोवर कागद आला होता, पण तो घरी केलेला.

छापील कागद आणला तो म्युनिकच्या गेर्हार्ड लांग यांनी. ते लहान असताना त्यांची आई एका पुठ्ठ्यावर चोवीस छोट्या खाऊच्या गोळ्या लावून देत असे, रोज एक काढून खायची. मोठेपणी लांग छपाईच्या धंद्यात गेले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी आईच्या पुठ्ठ्याचा छापील कागद केला. सुरुवातीला दोन कागद असत. एकावर चोवीस चौकटींत मजकूर, दुसऱ्यावर चोवीस चित्रे. मुलाने रोज एक चित्र कापून योग्य चौकटीत चिकटवायचे. उघडणाऱ्या खिडक्या नंतर आल्या. पुढे महायुद्धात कागदाची टंचाई झाली, अशी चित्रमय कॅलेंडरे छापणे बंद पडले. १९४६ साली बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या स्टुटगार्ट शहरात रिशार्ट झेल्मर यांनी ती पुन्हा छापायला घेतली. त्यांच्या पहिल्या कागदावर होते एक छोटे, धडधाकट शहर. ज्या मुलांनी भोवती फक्त पडकी घरे पाहिली, त्यांना रोज एक खिडकी उघडून पाहायला मिळाली. चॉकलेटची खोकी बाजारात पसरली ती त्यानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

चोवीसच का?

या इतिहासात एक बारीक गोष्ट आहे आणि आमच्या मते सगळे सार तीत आहे. नाताळची तारीख ठरलेली असते, २५ डिसेंबर. पण नाताळपूर्वीचा त्यांचा धार्मिक काळ चार रविवारांचा, आणि तो पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. म्हणजे मोजायचे दिवस कधी बावीस, कधी अठ्ठावीस. विखर्न यांच्या चाकावर दरवर्षी मेणबत्त्या मोजून बसवाव्या लागत. छापखान्यांनी मात्र १ डिसेंबर ही सुरुवात पक्की केली, कारण मग तोच कागद दरवर्षी विकता येतो. हिशेब सोपा झाला, धंदा वाढला आणि घरातली मोजणी सुटली. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरने जे झाले, तेच तिकडे त्या खोक्याने झाले.

आता आपल्या गणपतीकडे पाहा. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला आली, २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला, आणि यंदा १४ सप्टेंबरला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून हिशेब सांधला जातो. २०२३ साली अधिक श्रावण आला, यंदा अधिक ज्येष्ठ. श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर २०२४ आणि २०२५ साली ते तेहतीस भरतात, यंदा बत्तीस. २०२३ साली तर प्रश्न असा होता की मोजायला सुरुवात अधिक श्रावणापासून करायची की निज श्रावणापासून? सण निज महिन्यात होतात, म्हणून मोजणीही निज श्रावणापासून. पण हे समजायला घरात कोणीतरी पंचांग उघडावे लागते.

म्हणजे आपल्या सणाचा कायमचा छापील कागद होऊच शकत नाही. गेल्या वर्षीचा यंदा चालत नाही. व्यापाऱ्याला ही अडचण वाटेल. आम्हाला ती सोय वाटते. दरवर्षी नव्याने मोजावे लागते आणि मोजायला शिकवावे लागते. ज्या वर्षी घरात मोजणारे कोणी उरणार नाही, त्या वर्षी ते लगेच उघड होईल.

रोज एक दार आणि आत दडलेला खाऊ, या कल्पनेचेही आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात आणि विदर्भात मुली भुलाबाई मांडतात. रोज गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. आज गोड की तिखट, ओला की कोरडा, खुळखुळतो की नाही, असे विचारत विचारत मुली खाऊपर्यंत पोचतात. पश्चिम महाराष्ट्रात भोंडल्याला हेच होते. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी वाढत जातात आणि खिरापत ओळखावी लागते. खाऊ झाकलेला असतो, तो एकटीने उघडून खायचा नसतो, सगळ्यांनी मिळून ओळखायचा असतो. हा फरक लहान नाही.

बत्तीस खिडक्या

या सगळ्यावरून यंदा आमच्या गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून गणपतीचा कागद केला. १३ ऑगस्टला, श्रावण शुद्ध प्रतिपदेला, तो भिंतीवर लागला. बत्तीस खिडक्या आणि तेहतिसावी बाप्पाची. पुढच्या वर्षी ज्यांना करायचा असेल त्यांच्यासाठी पद्धत सांगतो.

सामान विकत आणू नये. सुरतेत पुठ्ठ्याला आणि चकाकत्या कागदाला काय तोटा? साडीच्या खोक्याचा पुठ्ठा पाट म्हणून घ्यावा, दोन जोडले तर मजबूत होतो. खिडक्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. त्यांचा कागद जाड, रंग टिकाऊ आणि सोनेरी छपाई आयती. पत्रिकेतून सात सेंटिमीटरचे चौकोन कापावेत, तीन बाजूंनी चिकटवून वरची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे खिसा होतो. त्यावर झाकण म्हणून दुसरा चौकोन फक्त वरच्या कडेला चिकटवावा. जरीच्या उरलेल्या दोऱ्याने कडा सजवाव्यात. कातर मोठ्यांनी चालवावी, खळ मुलांनी लावावी.

महत्त्वाची आहे ती आखणी. खिडक्या कशाही लावू नयेत, वारांच्या सात रांगांत लावाव्यात. म्हणजे सगळे सोमवार एकाखाली एक येतात, सगळे शुक्रवार एकाखाली एक, आणि जिवतीच्या कागदातली वारांची शिस्त आपोआप उतरते. खिडकीवर बाहेरून तारीख न लिहिता तिथी लिहावी, देवनागरी आकड्यात: शु. १, शु. २, पौर्णिमा, व. १. आज कोणती खिडकी उघडायची, हे ठरवायला मुलाला तिथी विचारावीच लागते. पहिले आठ दिवस विचारतात, पुढे स्वतः सांगू लागतात. एखाद्या दिवशी तिथीचा क्षय असतो किंवा तीच तिथी दोन सूर्योदयांना असते. मग मुले विचारतात, ‘ही तिथी गेली कुठे?’ तिथी चंद्राच्या चालीवर ठरते आणि वार सूर्योदयावर, हे त्या दिवशी समजावून सांगता येते. एरवी ते ऐकायला कोण बसते?

आत काय ठेवायचे? चॉकलेट ठेवायला हरकत नाही, पण रोज नको. आम्ही चिठ्ठ्या ठेवल्या. सोमवारी शिवामुठीचे चार दाणे आणि त्या धान्याचे मराठी नाव. जव आणि तीळ आमच्या मुलांनी हातात घेऊन पाहिले. शुक्रवारी कहाणी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, त्या चिठ्ठीत रोटांसाठी कोणत्या घरी जायचे ते. पोळ्याला मातीचे बैल करायचे काम. एका खिडकीत गावाचे नाव आणि तिथल्या नदीचे नाव, एकीत पणजोबा कोणत्या कामासाठी सुरतेत आले ते, एकीत एक अहिराणी शब्द आणि त्याचा अर्थ आजीला विचारायचा. आणि एक खिडकी दिवासोची गोष्ट शेजारच्या काकीला विचारायची.

या शेवटच्या दोन-तीन खिडक्यांसाठीच आम्ही एवढा खटाटोप केला, असे म्हटले तरी चालेल. आपल्या मुलांतली काही महानगरपालिकेच्या मराठी शाळेत जातात, पुष्कळ गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात. घरात मराठी बोलतात, पण वाचायला दिली की अडखळतात. तिथी, पक्ष, वद्य, शुद्ध हे शब्द त्यांनी कानांनी ऐकलेले असतात, डोळ्यांनी पाहिलेले नसतात. ज्यांना ते तोंडपाठ होते त्या आज्या एकेक करून जात आहेत. भाषा वाचवा म्हणून सभा घेऊन मूल वाचायला लागत नाही. खिडकीत आपल्यासाठी काहीतरी लिहिलेले आहे आणि ते आजच वाचायचे आहे, म्हटले की वाचते. आणि आजीला अर्थ विचारायला जाते, तेव्हा आजीलाही आपण कोणाच्या तरी उपयोगाच्या आहोत असे वाटते.

जिवतीचा कागद बंद करून हा लावावा, असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरात जिवती आहे, तिथे दोन्ही शेजारी शोभतात. एक आईने मुलांसाठी लावायचा, दुसरा मुलांनी बाप्पासाठी करायचा.

पुढच्या वर्षीचा हिशेब

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतो. यंदा सांगितलेले तो ऐकणार आहे. २०२७ साली गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे, म्हणजे यंदापेक्षा दहा दिवस आधी. श्रावण शुद्ध प्रतिपदा ३ ऑगस्टला, मंगळवारी. मोजून पाहा, पुन्हा बत्तीसच खिडक्या. रविवारपासून शनिवारपर्यंत सात चौकोन आणि अशा पाच ओळी आखल्या तर पहिले दोन चौकोन रिकामे राहतात आणि अगदी शेवटच्या चौकोनात बाप्पा येतो. आखणी इतकी नेटकी दरवर्षी जमत नाही. श्रावणी सोमवार चार, शुक्रवारही चारच, म्हणजे शिवामुठीला सातू लागणार नाही.

त्या पहिल्या दोन रिकाम्या चौकोनांत काय काढायचे, ते मुलांवर सोपवावे. आमची सूचना एवढीच की एकात दिव्याच्या अवसेचा दिवा असावा आणि दुसऱ्यात चार दिशांना टाकलेल्या अक्षता. एके काळी त्या आपल्यासाठी पडल्या होत्या. आता आपल्यातली काही मुले पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशी शिकायला निघाली आहेत, त्यांच्यासाठी पडतील.

पुढच्या आषाढात ज्या घरांना आखणी करून हवी असेल, त्यांनी साडीचा पुठ्ठा आणि जुन्या पत्रिका घेऊन मंडळात यावे. पट्टी, पेन्सिल आणि पंचांग आम्ही आणू.

गणपती बाप्पा मोरया!